फौजेचा बिनतारी सेट आणि वज्रेश्वरीची वीटभट्टी

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीहून गेल्या महिन्यात आमच्या एका वाचक बंधूंचा फोन आला. त्यांच्या तीन वीटभट्ट्या आहेत, चार ट्रक आहेत. एक भट्टी वज्रेश्वरीजवळ, दुसरी गणेशपुरीच्या बाजूला, तिसरी अंबाडीकडे. पावसाळा सोडला तर माल रोज भिवंडीकडे व शिरसाड फाट्यावरून हायवेकडे जातो. झाडी आणि टेकड्यांमुळे भट्टीवर मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. मुकादमाला निरोप द्यायचा तर मोटारसायकलवरून माणूस पाठवावा लागतो. अशात एका विक्रेत्याने त्यांना आठ बिनतारी सेटचे कोटेशन दिले, रक्कम पावणेतीन लाख. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की हे ‘मिलिटरी मेश’ आहे, याला टॉवर लागत नाही, बिल येत नाही, लायसन्स लागत नाही आणि सेट जितके वाढवाल तितके जाळे मजबूत होते.

“भाईसाहेब, पैसे देऊ का नको, तेवढं सांगा,” असे त्यांनी विचारले. एका वाक्यात उत्तर देता आले असते. परंतु असेच कोटेशन आणखी दोघा-तिघा वाचकांनीही आम्हाला दाखविले आहे. म्हणून हे फौजी जाळे मुळात आहे काय, ते कशासाठी तयार झाले आणि आपल्या धंद्यात त्याची किंमत वसूल होते की नाही, हे नीट मांडावे असे आम्ही ठरविले.

तीन माणसे, तीन वॉकीटॉकी

कागदावर बसून समजण्यापेक्षा आम्ही प्रत्यक्ष वज्रेश्वरीला गेलो. सोबत बिनपरवान्याच्या पट्टीतल्या तीन साध्या वॉकीटॉकी घेतल्या. एक माणूस बाजारात उभा केला. दुसरा तानसा नदीच्या अंगाने अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे पाठविला. थोडे अंतर गेल्यावर घरे, झाडे आणि उंचसखल जमीन यांच्यामुळे दोघांना एकमेकांचे ऐकू येईना. मग तिसऱ्याला मंदिराच्या बावन्न पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे केले. त्याला दोघांचेही ऐकू येत होते. खालून आलेला निरोप तो तोंडाने पुन्हा बोलायचा आणि कुंडाकडच्या माणसाला तो मिळायचा.

वाचकहो, ज्याला इंग्रजीत ‘ॲड हॉक नेटवर्क’ म्हणतात ते जाळे एवढेच आहे. ॲड हॉक म्हणजे त्या वेळेपुरते, ऐनवेळी उभे केलेले. मोबाईलच्या व्यवस्थेत प्रत्येक फोन टॉवरशी बोलतो आणि टॉवर कंपनीच्या यंत्रणेशी. टॉवर पडला की हातातला फोन घड्याळापुरता उरतो. ॲड हॉक जाळ्यात टॉवरच नाही. प्रत्येक सेट स्वतःचे बोलतो आणि दुसऱ्याचे पुढेही पोहोचवितो. सगळेच टपाल पाठवणारे आणि सगळेच टपालवाले.

दहा मिनिटांतच दोन अडचणी समोर आल्या. पहिली अशी की बाजारातला आणि कुंडाकडचा, दोघे एकाच वेळी बोलू लागले. त्यांना एकमेकांचे ऐकू येत नसल्याने दुसरा बोलतो आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि पायऱ्यांवरच्या माणसाला नुसती खरखर आली. दुसरी अडचण पायऱ्यांवरच्या माणसाचीच. अर्ध्या तासाने तो वैतागून म्हणाला, “माझं स्वतःचं काही बोलायला मिळतच नाही, मी नुसता तुमचाच हमाल झालो.” त्याच्या सेटची बॅटरीही सर्वांत आधी उतरली.

बिनतारी विद्येतले विद्वान गेली पन्नास वर्षे ज्या प्रश्नांशी झगडत आहेत ते हेच दोन: कोणी केव्हा बोलायचे, आणि दुसऱ्याचा बोजा कोणी व किती वाहायचा. या प्रश्नांच्या उत्तरांना प्रोटोकॉल म्हणतात. प्रोटोकॉल म्हणजे सेटमधला एखादा पुर्जा नव्हे. तो सर्व सेटनी आपसात पाळायचा बोलण्याचा कायदा आहे.

फौजेला हे का लागले

अमेरिकेच्या हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली ‘अलोहा’ नावाचे जाळे चालू केले. संदेशाचे लहान तुकडे करायचे, ज्यांना पॅकेट म्हणजे पाकीट म्हणतात, आणि ती पाकिटे रेडिओवरून सोडायची. दोन पाकिटे हवेत आदळली तर थोडे थांबून पुन्हा पाठवायची. कल्पना साधी होती, पण सारा व्यवहार मध्यवर्ती केंद्राशी बांधलेला होता.

अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेला नेमके केंद्रच नको होते. रणांगणावर मध्यवर्ती टॉवर उभा केला तर शत्रूचा पहिला गोळा त्यावरच पडणार. रणगाडे, ट्रक, पायदळ सतत हलणारे. आज जो सेट मधला दुवा आहे तो उद्या दरीत असेल किंवा नष्ट झालेला असेल. अशा परिस्थितीत कोणाला न विचारता जाळ्याने स्वतःला पुन्हा जोडून घ्यावे, ही अपेक्षा होती. त्यातून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट कान यांच्या पुढाकाराने ‘पॅकेट रेडिओ’चा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाला. २७ ऑगस्ट १९७६ रोजी रेडिओ बसविलेली एक व्हॅन तिथल्या एका खानावळीच्या अंगणात उभी करून तेथून संदेश पाठविला गेला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी त्याच प्रकारच्या धावत्या व्हॅनमधला संदेश रेडिओ, उपग्रह आणि तारा अशा तीन वेगवेगळ्या जाळ्यांतून लंडनपर्यंत फिरवून परत आणण्यात आला. आज ज्याला इंटरनेट म्हणतात त्याच्या जन्माची ही एक महत्त्वाची तारीख समजली जाते. म्हणजे इंटरनेटच्या पाळण्याला हात लागला तो या फौजी रेडिओचाच.

त्या प्रयोगात प्रत्येक सेट साडेसात सेकंदांनी एक लहान पाकीट सोडून ‘मी अमुक, मी इथे आहे’ अशी हाक देत असे. शेजारच्यांनी ती ऐकून आपापल्या वहीत नोंद करायची. कोणाची हाक बंद झाली की तो गेला असे समजून दुसरा रस्ता धरायचा. ही हाक लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा खर्च तिच्यातूनच निघतो.

वाट विचारण्याच्या दोन रीती

संदेश पुढे न्यायचा तर रस्ता माहीत हवा. यात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे सेट सर्वांचे रस्ते आधीच वहीत लिहून ठेवतात आणि वही सतत ताजी करतात. संदेश आला की लगेच रवाना. दुसऱ्या पंथाचे सेट गप्प बसतात. गरज पडली तरच ‘अंबाडीचा रस्ता कोणाला ठाऊक आहे काय?’ असे ओरडून विचारतात, उत्तर येईपर्यंत थांबतात आणि मग पाठवतात. पहिल्यात वेळ वाचतो पण हवा सतत भरलेली राहते. दुसऱ्यात हवा मोकळी राहते पण पहिला निरोप उशिरा पोहोचतो.

पहिल्या पंथात एक जुने दुखणे होते. समजा अकलोलीचा सेट बंद पडला. वज्रेश्वरीचा सेट गणेशपुरीला विचारतो, ‘तुला अकलोली माहीत आहे?’ गणेशपुरी म्हणतो, ‘हो, माझ्या वहीत दोन टप्प्यांवर आहे.’ पण गणेशपुरीच्या वहीतला तो रस्ता मुळात वज्रेश्वरीमार्गेच जाणारा आहे, हे वज्रेश्वरीला कळत नाही. मग पाकीट याच्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून याच्याकडे फिरत राहते. उधारी वसुलीला गेलेल्या माणसाला दोन भागीदार एकमेकांकडे पाठवत राहतात, तसाच प्रकार.

या दुखण्यावर १९९४ साली एक सुंदर उपाय निघाला. तो मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते आयबीएमचे चार्ल्स पर्किन्स आणि दुसरे प्रवीण भागवत, जे तेव्हा अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात संशोधन करीत होते. त्यांच्या पद्धतीचे नाव डीएसडीव्ही. त्यांनी सांगितले की ज्याच्याकडे जायचे आहे त्यानेच आपल्या बातमीवर क्रमांक घालायचा आणि दर वेळी तो वाढवायचा. अकलोलीने ‘मी आहे’ अशी हाक दिली की तिच्यावर समजा १०२ आकडा. पुढची १०४. दोन बातम्या आल्या तर मोठ्या आकड्याची खरी मानायची, रस्ता लांबचा असला तरी. शेजाऱ्याला दुवा तुटलेला आढळला तर त्याने मधला विषम आकडा, म्हणजे १०५, घालून ‘अकलोली गेली’ असे जाहीर करायचे. आता गणेशपुरीची १०४ ची शिळी बातमी १०५ पुढे आपोआप रद्द होते. जिथली बातमी तिथलाच शिक्का, एवढीच युक्ती, पण चक्कर थांबली.

याच पर्किन्स यांनी पुढे गरजेपुरता रस्ता विचारणाऱ्या ‘एओडीव्ही’ पद्धतीत हीच क्रमांकाची युक्ती वापरली. तिचा आराखडा २००३ साली प्रसिद्ध झाला. प्रवीण भागवत यांचे नाव महाराष्ट्राला परके नाही. त्यांच्या एअरटाइट नेटवर्क्स या वायफाय-सुरक्षेच्या कंपनीचे संशोधनाचे मोठे काम पुण्यात चालत असे. २०१६ मध्ये तिचे नाव मोजो झाले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या अरिस्टा कंपनीने ती विकत घेतली. फौजी रेडिओसाठी उपयोगी पडलेल्या विद्येतला माणूस पुढे ऑफिसातल्या वायफायची राखण करण्याच्या धंद्यात उतरला, हे आम्हाला मोठे बोलके वाटते.

२००३ सालीच ‘ओएलएसआर’ नावाची दुसरी पद्धत फ्रान्समधल्या संशोधकांकडून आली. तिने हाकांचा खर्च कमी केला. प्रत्येक सेट दोन सेकंदांनी शेजाऱ्यांना नमस्कार करतो, परंतु सगळ्या जाळ्याला द्यायची बातमी सर्वांनी उचलून ओरडायची नाही. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यांतून मोजकेच असे निवडायचे की त्यांच्या मार्फत पलीकडच्या सर्वांपर्यंत पोहोचता येईल, आणि पुढे बोलायचा हक्क फक्त त्यांना. गावात दवंडी सगळ्यांनी पिटायची नसते, तसे. या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती २०१४ साली निघाली.

पाळी लावणे

आता पहिल्या अडचणीकडे, म्हणजे दोघे एकदम बोलल्याने झालेल्या खरखरीकडे येऊ. भिवंडीकरांना हे समजावयास वेळ लागू नये. मागावर दोन कारागिरांची पाळी ठरलेली असते म्हणून भांडण होत नाही. फौजी सेटमध्ये बहुतेक अशीच पाळी असते. सेकंदाचे बारीक बारीक भाग पाडतात आणि कोणत्या भागात कोण बोलणार हे ठरवतात. त्यासाठी सर्व सेटची घड्याळे तंतोतंत मिळालेली हवीत. ती बहुधा उपग्रहावरून मिळवतात. शत्रूने उपग्रहाचा इशारा दाबला तर काय, म्हणून सेट एकमेकांवरूनही घड्याळ लावू शकले पाहिजेत. साध्या वायफायमध्ये पाळी नसते. आधी कान देऊन ऐकायचे, हवा मोकळी असेल तर बोलायचे. आमच्या बाजारातल्या माणसाने हेच केले होते, आणि कुंडाकडचा त्याला ऐकूच येत नसल्याने फसला होता.

एक वेगळी वाट अमेरिकेच्या ट्रेलिसवेअर कंपनीने काढली. तिथे रस्त्याची वहीच नाही. एकाने पाकीट सोडले की ज्यांनी ते ऐकले ते सगळे पुढच्या क्षणी, एकाच वेळी, तेच पाकीट सोडतात. त्यांचे आवाज आदळत नाहीत, कारण शब्द तेच आणि वेळ तीच. ऐकणाऱ्याला एकच मोठा आवाज येतो. मोर्च्यात शंभर माणसे एकच घोषणा देतात तेव्हा शब्द स्पष्ट ऐकू येतात, पण तीच शंभर माणसे आपापसात गप्पा मारू लागली की गलका होतो. अमेरिकन लष्कराच्या नव्या हाती सेटमध्ये ही पद्धत घेतली गेली. जवान कितीही धावपळ करोत, रस्ता शोधण्याची गरजच नाही.

फौजेचे आणखी काही खर्च आहेत जे आपल्याला नाहीत. दर दोन सेकंदांनी हाक देणारा सेट शत्रूच्या दिशाशोधक यंत्रालाही आपला पत्ता देत असतो. म्हणून सेट एका लहरीवरून दुसरीवर सतत उड्या मारतो, कमीत कमी ताकदीने बोलतो, प्रत्येक पाकीट सांकेतिक कुलपात घालतो. फौजी सेटची किंमत वाढते ती मुख्यतः या कामांमुळे. इतके करूनही हा धंदा सोपा नाही. अमेरिकेने १९९७ पासून सगळ्या दलांसाठी एकाच जातीचा संगणकी रेडिओ बनविण्याची मोठी योजना हाती घेतली. अब्जावधी डॉलर खर्चून झाल्यावर गाड्यांवर बसवायच्या मुख्य सेटचे काम २०११ मध्ये रद्द करावे लागले. सेट जड झाला, तापू लागला, आणि जाळे मोठे केले की हाकांच्या ओझ्याखाली दबू लागले.

आपल्याकडे डीआरडीओने आराखडा करायचा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने सेट बनवायचे अशी जोडी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नौदलाच्या अशा संगणकी रेडिओसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी एक हजार कोटींहून अधिक रकमेचा करार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूदलानेही स्वदेशी सेटचा करार केला, त्यात चालत्या ॲड हॉक जाळ्याची सोय आहे. हे सेट बाजारात विकत मिळत नाहीत. तेव्हा ज्या कोटेशनवर ‘मिलिटरी’ लिहिले आहे, त्यातला माल फौजेचा नव्हे, हे आधी समजून घ्यावे.

‘जितके सेट तितके मजबूत’ याचा हिशोब

विक्रेत्याचे हे वाक्य अर्धे खरे आहे. सेट वाढले की एक बंद पडल्यास दुसरा रस्ता मिळतो, हे खरे. पण हवा तेवढीच राहते. २००० साली पियुष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी गणिताने सिद्ध केले की अशा जाळ्यात सेट वाढत गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो. सेट चौपट केले तर प्रत्येकाचा वाटा अर्ध्याहूनही कमी उरतो. कारण उघड आहे. आपला हरेक सेट आपल्यापेक्षा दुसऱ्यांचेच जास्त बोलत असतो, जसा आमचा पायऱ्यांवरचा हमाल. २००१ साली अमेरिकेतील एमआयटीच्या अभ्यासकांनी एकामागे एक लावलेल्या सेटच्या साखळीचा हिशोब मांडला. एकाच लहरीवर साखळी लांब झाली की मूळ वेगाचा फार तर चौथा हिस्सा मिळू शकतो, आणि नेहमीच्या वायफायच्या नियमांनी साधारण सातवा.

आता आपल्या वाचकांना दाखविलेल्या सेटकडे. आत उघडून पाहिल्यावर ते ‘लोरा’ जातीचे निघाले. त्यातली आज्ञावली २०२० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि फुकट मिळणाऱ्या ‘मेशटास्टिक’ची होती. ही चीज वाईट नाही, उलट फार हुशारीची आहे. तिथेही वही नाही. ऐकलेले पाकीट प्रत्येक सेट थोडे थांबून पुन्हा बोलतो. ज्याला ते क्षीण ऐकू आले, म्हणजे जो बहुधा दूर आहे, तो आधी बोलतो, आणि त्याचे ऐकून जवळचे गप्प बसतात. सर्वसाधारण मांडणीत पाकीट तीन टप्पे जाते. किंमत मात्र काही हजार रुपये प्रति सेट. पावणेतीन लाखांना आठ म्हणजे सेटमागे चौतीस हजारांहून जास्त. एवढी रक्कम फुकटच्या आज्ञावलीवर ‘मिलिटरी’ लिहिण्याची.

वेगाचे पाहू. त्याच्या नेहमीच्या मांडणीत वेग सेकंदाला सुमारे एक हजार बिट, आणि एका संदेशात सुमारे दोनशे बाइट मावतात. असा भरलेला संदेश हवेत जवळपास दोन सेकंद राहतो. मूळ बोलणारा आणि तीन वाहक धरले तर आठ सेकंद. म्हणजे सगळे अगदी शिस्तीत चालले तरी सगळ्या भट्ट्या मिळून मिनिटाला सात निरोप. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी खाली. बोलणे तर नाहीच, फक्त लिहून पाठविणे. आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक जादा फटका आहे जो कोटेशनमध्ये कोणी सांगत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-मात्रेलासुद्धा, तीन लागतात. ‘गाडी निघाली’ एवढ्या दोन शब्दांत दहा चिन्हे आणि मधली मोकळी जागा मिळून ३१ बाइट खर्ची पडतात. मुकादमाने मराठीत लिहिले तर दोनशे बाइटांत साठ-पासष्ट चिन्हांच्या वर जाता येत नाही.

लायसन्स लागते की नाही

‘लायसन्स लागत नाही’ हे वाक्य सर्वांत जपून घ्यावे. केंद्र सरकारने २००५ च्या अधिसूचनेने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी परवान्याशिवाय खुली केली. मागाहून २०२१ मध्ये ती ८६८ पर्यंत वाढली. पण २००५ पासूनच्या अटी आहेत: सेटची ताकद एक वॅटपर्यंत, ॲन्टेनातून निघणारी चार वॅटपर्यंत, आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ. मेशटास्टिकची नेहमीची मांडणी २५० किलोहर्ट्झ रुंद असते. म्हणजे डबा उघडून तसाच चालू केला तर तो या अटीच्या बाहेर जातो. १२५ ची मांडणी निवडावी लागते, आणि तसे केले की वर सांगितलेला वेग आणखी तिसऱ्या हिश्श्यावर येतो. याशिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचे उपकरण-मंजुरी प्रमाणपत्र, ज्याला ईटीए म्हणतात, असावे लागते. पट्टी खुली असली म्हणून यंत्र खुले होत नाही.

बोलण्याच्या वॉकीटॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही अरुंद पट्टी २०१८ पासून परवान्याशिवाय आहे. ऑनलाईन बाजारात मात्र दुसऱ्याच लहरींवर चालणारे सेट ‘शंभर टक्के लीगल’ म्हणून विकले जात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बड्या ई-कॉमर्स कंपन्यांना त्याबद्दल नोटिसा काढल्या. पोलीस, विमान, रुग्णवाहिका यांच्या लहरींवर एखाद्या भट्टीवाल्याचा मुकादम विटांचा हिशोब सांगू लागला तर प्रकरण दंडावर थांबेलच असे नाही. हॅमचा परवाना काढून धंदा चालवू, असा विचार काही तरुण करतात. तोही चालत नाही. हॅमची लहर छंदाची आणि आपत्तीची आहे, व्यापाराची नव्हे.

भट्टी चालत नाही

आमच्या वाचक बंधूंशी बोलताना एक गोष्ट निघाली आणि सगळा प्रश्न बदलला. आम्ही विचारले, तुमच्यात हलते काय? ट्रक हलतात. पण ट्रक ज्या रस्त्यांनी जातात तिथे मोबाईल चालतो, आणि जिथे चालत नाही तिथे चार ट्रक एकमेकांच्या रेंजमध्ये असण्याची शक्यताच कमी. भट्ट्या? त्या जागच्या जागी आहेत. फौजेने इतका खटाटोप केला तो सेट हलतात म्हणून. ज्याचा सेट हलत नाही त्याने हलण्याचा खर्च का भरावा?

स्थिर जागांसाठी वेगळी, स्वस्त आणि कितीतरी पट वेगवान वाट आहे. उंच खांबावर एकाच दिशेला रोखलेला ॲन्टेना, समोर दुसरा. मघाशी ज्यांचा उल्लेख आला ते प्रवीण भागवत याच वाटेने एकदा चालले होते. आयआयटी कानपूरच्या मंडळींबरोबर २००१-०२ च्या सुमारास त्यांनी साध्या वायफायच्या यंत्रांना दिशादर्शक ॲन्टेना लावून गंगेच्या पठारावरची गावे जोडण्याचा प्रयोग केला. त्याहून आपल्या जवळचे उदाहरण पालघर जिल्ह्यातले, वज्रेश्वरीच्या शेजारचे. मुंबई आयआयटीच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राममार्ग’ या नावाने तिथल्या खेड्यांत आधी दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींवर आणि नंतर ५.८ गिगाहर्ट्झच्या वायफायवर इंटरनेट पोहोचविले. आरंभी सात गावे, मग पंचवीस. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या कामाला बक्षीस मिळाले. झाडी, टेकड्या आणि पाऊस तिथेही आपल्यासारखाच आहे.

चालते जाळे धंद्यात कुठेच उपयोगाचे नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. चैत्र अमावास्येच्या सुमारास वज्रेश्वरीला मोठी जत्रा भरते. एवढ्या गर्दीत एकाच टॉवरवर सगळ्यांचा भार पडतो आणि निरोप अडकतात. तिथे दुकानदार मंडळींकडे दहा-बारा लोराचे सेट असले तर हरवलेल्या मुलाची बातमी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकेल. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत मोबाईल कोलमडले होते, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोपांचे मोठे काम केले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेल. पूर, जत्रा, जंगलातली शोधमोहीम, जिथे माणसे हलतात, टॉवर नाही किंवा बसला आहे, आणि निरोप छोटे आहेत, तिथे या यंत्राचे मोल आहे. भिवंडीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी हे सेट स्वतः जोडून, मंजुरी असलेलेच भाग वापरून, योग्य भावात विकले तर त्यात रोजगारही आहे.

वाचक बंधूंना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले आणि ते विक्रेत्याला विचारा म्हटले. या मॉडेलचा ईटीए क्रमांक काय? लहरीची रुंदी किती ठेवून देणार? आणि तीन टप्प्यांपलीकडे, देवनागरीत, मिनिटाला किती निरोप जातील हे भट्टीवर उभे राहून दाखवाल काय? त्यांनी विचारले. दुसऱ्याच दिवशी कोटेशन पावणेतीन लाखांवरून एक लाख वीस हजारांवर आले. ईटीए क्रमांक अजून आलेला नाही. गणेशपुरीकडच्या भट्टीसाठी त्यांनी एक लोखंडी खांब करायला टाकला आहे.